दस्त्याला कडी असलेलं रिव्हॉल्व्हर

प्रिय सोलेन,

तू फोनवर बोलून ठेवलेला निरोप ऐकला. एकदाच ऐकला असं लिहिणार होतो, पण माझं खोटं तुला लगेच कळतं. बसमध्ये ऐकला, जेवताना ऐकला, पिस्तुलांना तेल लावताना ऐकला. आधी तू हसलीस. मग माझी तब्येत विचारलीस आणि उत्तर द्यायला मी तिथं नाही म्हटल्यावर स्वतःच "बराच असशील" म्हणून मोकळी झालीस. मग खऱ्या कामावर आलीस. आमच्या सिनेमातला नट रोमारिक दलाज, त्याचा सही केलेला फोटो हवाय. सिनेमाची जाहिरात पाहिलीस आणि, तुझेच शब्द लिहितो, "हत्यार हातात घ्यायच्या आधी तो मांडीवर तळहात पुसतो ना, गायेल, आई गं, जीव घेतो तो माणूस!" आणि त्याच दमात, "ओरेलियाँसुद्धा म्हणाला, किती सहज करतो." म्हणजे जाहिरात तू ओरेलियाँच्या शेजारी बसून पाहिलीस. हे मी विचारलं नव्हतं. फोटो लावणार कुठं? त्याच्या चष्म्याच्या दुकानात, फ्रेमा टांगतात त्या भिंतीवर?

फोनवर उत्तर दिलं असतं तर मी भांडलो असतो आणि तू फोन ठेवला असतास. म्हणून कागद घेतला. शुद्धलेखनाला हसू नकोस. शाळेत माझे निबंध तू लिहायचीस, आणि बाईंना लगेच कळायचं, कारण त्यात चुका नसायच्या.

मेमध्ये तुम्ही दोघं नगरपालिकेत जाऊन लग्नाच्या सह्या करणार हे मला आईकडून कळलं. तू निरोपात त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मी आईला सांगून ठेवलंय, "पाव आणायला गेलीस की नगरपालिकेच्या दारावरचा लग्नाच्या नोटिशींचा फलक बघत जा, दोघांची नावं लागली का ते." ती चिडते. "मला काय हेर समजतोस का? गुडघे दुखतात माझे, आणि तो फलक पायऱ्यांच्या वर आहे." पण बघते. अजून लागलेली नाहीत. तेवढ्यावर मी इथं मार्सेयमध्ये दिवस काढतोय, हे तुला माहीत असावं.

इथलं बरं चाललंय म्हणायचं. व्हिदालबाईंची कार्यशाळा लेस्ताकला आहे, बंदराच्या वरच्या अंगाला. सिनेमावाल्यांना हत्यारं पुरवायची, त्यांच्यासोबत जायचं, नटाच्या हातात द्यायची, दृश्य संपलं की काढून घ्यायची. देण्याआधी प्रत्येक वेळी नळी आणि चक्री सगळ्यांना उघडून दाखवायची, रबरी असलं तरी. बाई साठीच्या पुढच्या आहेत, बोटांना कायम तेलाचा वास, आणि मला नावानं हाक मारत नाहीत. पहिल्याच दिवशी मी आपल्या गावच्या फुटबॉल क्लबचा हिरवा मफलर घालून गेलो. मार्सेयमध्ये! त्यात सिनेमा-नाटकवाल्यांना हिरवा रंगच अशुभ. दिवे लावणारा पोरगा शिडीवरून ओरडला, "बाई, ही पालकाची जुडी कुठून आणलीत?" तेव्हापासून मी हिरव्या. "हिरव्या, तेल आण. हिरव्या, उन्हात उभा राहू नकोस, उगवशील." दुपारी टपरीवरच्या पानिस खातो, हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या काड्या. तुझ्या हातच्या किसलेल्या बटाट्याच्या धिरड्यांची सर नाही. आता ती धिरडी कोण खातं, ते विचारत नाही.

तुला वाटत असेल, सिनेमातल्या गुंडाला काय, कुठलंही पिस्तूल चालतं. नाही चालत. बाई आधी संहिता वाचतात, मग माणूस बघतात, मग कपाट उघडतात. या सिनेमात टोळी चालवणारी एक म्हातारी आहे, तिला त्यांनी इवलंसं, पाकिटात मावणारं पिस्तूल दिलं. ती ते पावाच्या पिशवीत ठेवते. "जिच्या शब्दावर माणसं मरतात तिला मोठं हत्यार कशाला?" तिच्या दोन भाच्यांना शिकारीची दुनळी, नळ्या कापून आखूड केलेली, कारण ते दोघे घाबरट. "घाबरणाऱ्याला आवाज मोठा लागतो रे." तरुण इन्स्पेक्टरला सरकारी, काळं, नवं; त्याच्यात मन लावण्यासारखं काही नाही. आणि दलाज करतो तो निवृत्त पोलीस, मुलीच्या खुन्याला शोधत फिरणारा. त्याच्यासाठी बाईंनी तळातल्या कप्प्यातून जुनं सैनिकी रिव्हॉल्व्हर काढलं. दस्त्याच्या बुडाशी कडी असलेलं. नळीवरचा शिक्का मी वाचला, पुन्हा वाचला. आपल्या सेंत-एतिएनचं! तुझे आजोबा ज्या कारखान्यात लोखंडाला चकाकी द्यायचे तिथलं. त्यांच्या वेळच्याही आधीचं असणार, पण मला ते त्यांचंच वाटलं. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आपण चेस्टनट सोलायचो आणि ते अंगठा दाखवून म्हणायचे, "पॉलिश डोळ्यांनी नाही, याने बघायचं." ते दलाजच्या हातात जाणार म्हटल्यावर मला बरं वाटलं नाही. आपल्या गावचं लोखंड, आणि हात पॅरिसचा.

ओरेलियाँला बाईंनी कुठलं दिलं असतं याचा मी पुष्कळ विचार केलाय. रबरी. मागं, धूसर, गर्दीत उभ्या असलेल्यांना देतात ते.

आता दलाज. त्याला शिव्या घालता आल्या असत्या तर हे पत्र एका पानात संपलं असतं. अडचण अशी की माणूस चांगला आहे. त्याला शिकवायचं काम बाईंनी माझ्यावर टाकलं होतं. आला, माझ्याशी हात मिळवला, "तू दाखव, मी बघतो" म्हणाला आणि खरंच बघत राहिला. त्या रिव्हॉल्व्हरची चक्री उजवीकडे उघडते आणि त्याला सवय डावीकडे उघडणाऱ्यांची, त्यामुळं काडतुसं सारखी खाली सांडायची. ती कोरी, बिनगोळीची काडतुसं गोळा करत तो जमिनीवर रांगायचा आणि स्वतःलाच हसायचा. "हिरव्या, या वयात दातसुद्धा असेच पडतात बघ." असल्या माणसाचा राग कसा करायचा? मी तरी केला. आणि मग एक दिवस चित्रीकरणात कॅमेरा सुरू असताना त्यानं रिव्हॉल्व्हर घ्यायच्या आधी उजवा तळहात मांडीवर दोनदा पुसला, एकदा खाली, एकदा आडवा. सगळे वा वा म्हणाले. मी खोक्यावर बसलो होतो. सोलेन, तुला आठवत नाही? सायकलची साखळी बसवण्याआधी कोण पुसायचं तसं? नाचायला तुझा हात धरण्याआधी कोण पुसायचं? तू म्हणायचीस, "पुस पुस, विजारीला भोक पडेल." त्यानं ते माझ्याकडून उचललं. चोरलंही नाही, मला नंतर सांगितलं, "तुझं घेतलंय हं, चालेल ना?" मी चालेल म्हणालो. मला काय ठाऊक, ते बघून तू आई गं म्हणणार आहेस. माझ्या मांडीवर असताना त्या हाताचं तुला कधी इतकं कौतुक वाटलं नव्हतं.

पुढचं सांगायला हवं, त्याशिवाय शेवट कळणार नाही. या लोकांत एक शब्द तोंडातून काढायचा नसतो. फाशी देताना गळ्यात पडतो तो. नाटकवाल्यांपासून आलेलं आहे म्हणे. तार म्हण, फीत म्हण, वेटोळं म्हण, पण तो नाही. ज्याच्या तोंडून गेला त्यानं तिथल्या सगळ्यांना पाजायची, नाहीतर अपशकुन डोक्यावर बसतो. मला हे बाईंनी दहादा बजावलं होतं. पण त्या सकाळी आईचा फोन आला होता. भाव, पाऊस, गुडघे असं सगळं झाल्यावर फोन ठेवता ठेवता म्हणाली, "सोलेनला त्या चष्मेवाल्याच्या गाडीतून उतरताना पाहिलं. शोभतात हं." मी तसाच कामावर गेलो. निवृत्त पोलीस स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून रिव्हॉल्व्हर भरतो, ते दृश्य होतं. कडीत अडकवायचा विणलेला काळा गोफ सापडेना, सगळे खोळंबलेले, दिग्दर्शक घसा खरवडतोय, आणि मी भर सेटवर ओरडलो, "बाई, कडीचा तो दोर कुठं ठेवलाय?"

बघ, इथं लिहूनच टाकला.

शिडीवरचा पोरगा उतरला आणि शिडीला हात लावून उभा राहिला. दिग्दर्शक म्हणाला, "हिरवा मफलर कमी होता काय रे, गाढवा?" दलाज नाटकातून आलेला, त्यानं रिव्हॉल्व्हर हळूच टेबलावर ठेवलं, जसं काही गरम आहे. "माफ करा, पण आज मी याला हात लावणार नाही. उद्या लावीन." आवाज चढवला नाही, काही नाही. दिग्दर्शकानं डोकं धरलं, कारण ते घर त्यांना तेवढाच दिवस मिळालेलं होतं. त्यातून जो मार्ग निघाला तो शेवटी सांगतो.

संध्याकाळी सगळे बंदरावरच्या बारमध्ये गेले, माझ्या नावानं बडीशेपेच्या वासाची पास्तिस प्यायला. मी खिशात हात घातला तर बारवाला म्हणाला, "झालं, साहेबांनी दिले." दलाजनं आधीच चुकते केले होते. माझी पाठ थोपटली, "पोरा, पहिल्या चुकीची माझ्याकडून." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथं उभा, हातात पेला, आणि मला त्याचा जितका राग आला तितका त्या चष्मेवाल्याचाही आला नव्हता. माझा शब्दसुद्धा माझा राहू दिला नाही त्यानं. व्हिदालबाई तेवढ्या हसल्या नाहीत. परतताना म्हणाल्या, "हे बरं नाही झालं. जो बोलला त्यानंच पाजायला हवी. दुसऱ्यानं पाजली तर ती फिटत नाही." मी म्हटलं, बाई, तुम्ही पण? तर म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं खोटी हत्यारं खरी म्हणून देते. मी कशावरही विश्वास ठेवते."

तुला हवा तो फोटो घेऊन ठेवलाय. परवा दलाज दुसऱ्या सिनेमासाठी पिस्तूल बघायला आला होता. मी तुझं नाव सांगितलं. त्यानं पेन काढलं आणि लिहिलं, "सोलेनला, मनापासून." तुझ्या नावातल्या अक्षरावर जी तिरकी रेघ असते ना, जी मी शाळेपासून आजपर्यंत विसरत आलो आणि तू दर वेळी माझ्या चिठ्ठीवर स्वतः काढायचीस, ती त्यानं न विचारता बरोबर दिली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ही तीच का, फोन आला होता त्या दिवसाची?" बाईंनी सांगितलं असणार. मी सहीवरची शाई फुंकून वाळवली. फोटो या पाकिटात घातलेला नाही, शोधू नकोस.

आता ऐक. सिनेमा बुधवारी तुमच्याकडे स्टेशनमागच्या थिएटरात लागतोय आणि तुम्ही दोघं पहिल्याच दिवशी जाणार, हेही आईनंच सांगितलं. जा. पण स्वयंपाकघराचं ते दृश्य आलं की नीट बघ. दलाजनं त्या दिवशी हात लावला नाही, म्हणून पडद्यावर चेहरा नाही, नुसते दोन हात, टेबल आणि आपल्या गावचं रिव्हॉल्व्हर. चक्री उजवीकडे उघडते, एकही काडतूस सांडत नाही, आणि बंद केल्यावर डाव्या हाताचा अंगठा नळीवरून एकदा फिरतो, चकाकी बघावी तसा. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, झालं. रंगभूषावालीनं त्या अंगठ्यावर लेप थापला, पण वाकडं नख काही झाकेना. दिग्दर्शक म्हणाला, राहू दे, पोलिसाचं आहे. पोलिसाचं नाहीये. तुझ्या मामाच्या व्हॅनचं दार तू घाईत ओढलंस, मी ओरडलो आणि दवाखान्याच्या वाटेवर माझ्याहून जास्त तूच रडलीस, ते नख आहे. शेवटी नावांची पाटी येते, तिच्यात मी नाही; हातांचं नाव लावत नाहीत. त्या संध्याकाळी मी थिएटरसमोरच्या कॅफेत बसलेला असेन, फोटो घेऊन. शब्द माझ्या तोंडून गेला होता आणि या पत्रात पुन्हा गेलाय, तेव्हा पाजणं माझ्याकडे लागतं आणि या वेळी दुसऱ्या कुणाला देऊ देणार नाही. ओरेलियाँला आणलंस तरी चालेल, त्याला लिंबाचं सरबत पाजीन. तुला पडद्यावर फक्त दलाज दिसला असेल तर मी फोटो देईन, दुकानात लावा, चांगल्या फ्रेममध्ये लावा, आणि आईला सांगेन की तो फलक आता बघायचा नाही. पण हात ओळखलेस, तर येऊन काही बोलू नकोस. माझ्यासमोर बस आणि हात पुढं कर. मी आधी माझा पुसून घेईन.

अजून तरी तुझाच,
गायेल