सातवी 'ब'चे परीक्षक

रविवार, २ मार्च

प्रिय दादा,

तुला, वहिनीला आणि आईला मनापासून नमस्कार. मी ठणठणीत आहे. खोलीतला नळ एकदाचा दुरुस्त झाला आणि घरमालकीणबाई माझ्याशी हसून बोलायला लागल्या. यातलं कुठलं आश्चर्य मोठं, ते तूच ठरव.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. विचारलंस त्याचं उत्तर देणार आहे, पण आधी शाळेचं सांगू दे. लगेच शेवटचं पान काढून बसू नकोस, तुझी खोड मला माहीत आहे.

वर्गाबद्दल मी आजवर 'बरं चाललंय' एवढंच लिहीत आले. बरं चाललेलं नव्हतं. सातवी 'ब'ला गणित शिकवायचं म्हणजे फळ्याशी बोलायचं. मुलं दंगा करायची नाहीत. केला असता तर निदान ओरडता तरी आलं असतं. ती गप्प बसायची. प्रश्न विचारला की सगळ्या माना खाली. उत्तर चुकलं तर हसं होईल, ही धास्ती. चित्रकलेचे सर म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी आहे ते. तुम्ही आपलं ओतत राहा, पगार मिळतोय ना?" जानेवारीत आमच्या मुख्याध्यापिकांनी, मोठ्या बाई म्हणतो आम्ही त्यांना, बोलावून स्पष्ट सांगितलं की फेब्रुवारीत त्या माझ्या तासाला बसणार, आणि पुढच्या वर्षी मी इथे असेन की नाही ते त्यावर ठरणार.

बुडत्याला काडीचा आधार म्हणून मी शिक्षकांचे ब्लॉग शोधायला लागले. बसमध्ये, मधल्या सुट्टीत, जेवताना. सुरुवातीला जे सापडलं त्यानं आणखी खचले. कुठे रंगीत कागदांचे मनोरे आणि प्रत्येक मुलाच्या हातात कात्री. माझ्या वर्गाला कात्री एकच, तीही शिपाईमामांच्या हातापाया पडून आणायची. कुठे 'मुलांवर प्रेम करा' असा उपदेश. प्रेम करत होते रे, अपूर्णांकांचं काय करू ते कुणी सांगेना.

मग एक ब्लॉग सापडला. लिहिणारी बाई स्वतःला 'खडूवाली' म्हणवते. साधं पांढरं पान, फोटो एकही नाही. पहिलीच नोंद अशी सुरू होत होती : "आजचा तास साफ पडला. का पडला ते लिहून ठेवते, म्हणजे तुमचा पडणार नाही." वाचता वाचता माझा थांबा निघून गेला, मागे चालत यावं लागलं.

तिचं म्हणणं असं, की मुलं चुकायला घाबरत असतील तर चुकायचं काम आपण घ्यावं आणि तपासायचं त्यांना द्यावं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. म्हटलं, "आज तुम्ही परीक्षक. मी चुकलेय. कुठे ते शोधा." मग खिडकीजवळून एक आवाज आला, "बाई, अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं येईल?" दादा, ती मुलगी जूनपासून हजेरीच्या 'हजर'पलीकडे एक शब्द बोलली नव्हती. पोरं तिला 'घुमी' म्हणायची. तिच्यामागे दुसरा बोलला, मग तिसरी, मग आवाज इतका वाढला की शेजारच्या वर्गातून निरोप आला.

तेव्हापासून रोज मी चुकायचे आणि ती मला धारेवर धरायची.

मोठ्या बाई आल्या त्या दिवशीही मी तीच पद्धत ठेवली. चूक ठरवून आणली होती, तिसऱ्या ओळीत करायची होती. दुसऱ्याच ओळीत घुमी उभी राहिली. "बाई, ही चूक मुद्दाम केलीय का खरीच झालीय?"

मी फळ्याकडे पाहिलं. दोन तृतीयांशाचे मी सहा द्वादशांश केले होते. मागच्या बाकावर मोठ्या बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. मुद्दाम केलीय म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

"खरीच झालीय," मी म्हटलं. "ये, दुरुस्त कर."

ती आली. "तीन चोक बारा केले, तर दोन चोक आठ करायला हवेत. वरच्यालाही चारनंच गुणायचं, बाई." आठ लिहिलं, वर्गाकडे वळून विचारलं, "पटलं का सगळ्यांना?" तिला आता घुमी म्हणायची कुणाची छाती नाही.

तास संपल्यावर मोठ्या बाईंनी वही मिटली. "ती चूक खरी होती?" "हो." "मला वाटलंच. पुढच्या वर्षी सातवीच्या दोन्ही तुकड्या घ्याल का?" चित्रकलेचे सर परवा मागच्या बाकावर येऊन बसले होते, सहज म्हणून. खडूवालीला मी सगळं कळवलं, तिनं ते ब्लॉगवर टाकलं, आणि काल कुठल्याशा शाळेतल्या एका सरांनी खाली लिहिलंय की त्यांचाही वर्ग बोलायला लागला.

आता तुझा प्रश्न. तुझ्या चष्म्याच्या दुकानात काउंटरला येऊ का. जानेवारीत विचारलंस तेव्हा माझं 'हो' तयार होतं. लिहवलं नाही, कारण मी या नोकरीसाठी घरातून निघताना तू म्हणाला होतास, "चार माणसांपुढे तुझं तोंड उघडत नाही, तू काय शिकवणार?" ते मला फार लागलं होतं, आणि तू बरोबर होतास असं वाटायला लागलं होतं.

काउंटरला दुसरं कुणी बघ. चांगलं, बोलकं माणूस बघ, वहिनीला बरं पडेल. राग धरून लिहीत नाही. काळजीपोटीच म्हणालास, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते चूक होतं, दादा. मे महिन्यात येईन, तेव्हा हे समोरासमोर बोलू. मी पहिल्यांदाच तुझ्याशी पुरतं भांडणार आहे, आणि त्याची मी वाट बघतेय.

आईला सांग, नोकरी पक्की झाली.

तुझी धाकटी बहीण,
सातवी 'अ' आणि 'ब'च्या गणिताच्या बाई