महाधमनी किंचित मोठी

१२ एप्रिल, नांदेड
वर्गात फळ्यापुढे चक्कर आली म्हणून बायकोने, मीनाने, दवाखान्यात ओढत नेलं. वाटलं, बी.पी.ची गोळी वाढवतील, संपलं. काळजाचा एको काढला. डॉ. पडद्याकडे बघत म्हणाले, "सर, महाधमनी किंचित मोठी दिसून राहिली." काळजातून निघणारी मुख्य नळी. ४.१ सेंमी. गणिताचा मास्तर मी, पण या आकड्याचं काय करायचं ते सुचेना. फाटली तर? "आत्ता तशी भीती नाही."
'आत्ता' कशाला म्हणाले?
घरी आल्या आल्या मीनाने लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली. मीठ बंद.

१५ एप्रिल
सी.टी. झाला. आकडा तोच. बी.पी. आटोक्यात ठेवायचं, ओझं उचलायचं नाही, सहा महिन्यांनी परत.
मग डॉ.नी विचारलं, वडील कशाने गेले? म्हटलं, अटॅकने. "पाठीत दुखलं होतं का?"
अण्णा रेणापूरच्या घरी ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले होते, पाठीत कुणीतरी फाडून राहिलंय. गाडी येईपर्यंत गेले. तेव्हापासून आमच्या घरात 'अटॅक' हाच शब्द. डॉ. म्हणाले, ही नळी फाटली की पाठीत असंच दुखतं; आता खात्रीने सांगता येणार नाही, पण हे रक्तातून येतं, सख्ख्या भावंडांचा एको कराच. मुलंबाळं असतील तर त्यांचाही.
भावंडं म्हणजे ताई. एकटीच.
रिक्षात मीना म्हणाली, "बरं झालं, आपल्याला लेकरू न्हाई." इतक्या वर्षांत असं कधी बोलली नव्हती. मी हादरलोच.

१८ एप्रिल
लातूरहून ताईचा फोन. प्राजूचं लग्न तोंडावर आलंय. "दंडबैठका सुरू कर रे, भाची काय आता लहान राहिली न्हाई." आमच्यात मामाने नवरीला उचलून मांडवात आणायचं. सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर शालू कुठल्या रंगाचा घेतला. भित्रा लेकाचा.

२६ एप्रिल, लातूर
समोर बसून सांगितलं. ताई रुखवताच्या करंज्या डब्यात भरत होती. हसली. "चार काय न् साडेचार काय! माणसाचं काळीज मोठंच असावं." मग अण्णांच्या पाठीचं बोललो. हात थांबला. अण्णांचं डोकं शेवटी तिच्याच मांडीवर होतं.
"मलाबी कधी कधी तसंच..."
तसंच काय? "काही न्हाई. लग्न होऊ दे आधी."
मी ओरडलो. आजच चल म्हटलं. ती उठून दार लावून आली. "हळू बोल. काही निघालं तर पाहुणे म्हणतील, खानदानी रोग हाय. पोरीचं मोडलं तर तू जोडून देशील?"
राग तिचा आला की माझा, कळत नाही.

८ मे, लातूर
लग्न लागलं.
मी प्राजूचा हात धरून चालवत आणू लागलो. वराकडचे लागले खेचायला, "नांदेडात भाकरी मिळत न्हाई का हो मामाला?" हसून वेळ मारून नेत होतो. तेवढ्यात ताई पदर खोचून पुढे. "भाऊ माझा मास्तर हाय, हमाल न्हाई. पोरगी माझी!" आणि उचललं की प्राजूला! नको म्हणेपर्यंत निघालीसुद्धा. सगळा मांडव टाळ्या पिटतोय, बँडवाल्यांना चेव आलाय, आणि मी नुसता मागे मागे धावतोय. माझी लाज राखायला गेली येडी.
प्राजूला खाली ठेवलं तेव्हा ताईचा चेहरा पांढराफटक. एक हात पाठीवर. तसल्यातही मला डोळ्यांनी दटावलं, गप बस.
अक्षता टाकल्या. कुठे पडल्या, देव जाणे.

१३ मे, लातूर
शेवटी ताई आज तपासायला आली. स्वतःहून नाही, पहाटे पाठीने उठवलं म्हणून. मी दवाखान्यात बाकावर. माझा एको चहा होईस्तोवर उरकला होता. हिला नेऊन किती वेळ झाला. मध्ये आणखी एक डॉ. घाईने आत गेले.
प्राजूचा सासरहून फोन. "मामा, आई फोन उचलून न्हाई राहिली. कुठाय?" म्हटलं, देवळात गेली. ती खूश. "माझ्यासाठीबी काही माग म्हणावं तिला."
फोन ठेवला. आत काही निघालं तर प्राजूलाही एकोला बोलवून घ्यावं लागेल. हळद उतरली नाही अजून पोरीची.