चुन्याची फुली

सोमवार

आलो एकदाचा! ताईने दारातच पिशवी हिसकावली, किती वाळलास म्हणून ओरडली. भाऊजी म्हणाले, आता ही तुला दारातून मावेनासा करणार. भाची, म्हणजे आमची ठमाबाई, थेट मानगुटीवरच बसली. घर चौथ्या मजल्यावर, मोठ्या खिडकीची काच तडकलेली. तिथल्या कट्ट्यावर बसायला तिला मनाई आहे, म्हणून रुसवा. म्हटलं, तुझा मामा काचेच्या दुकानात लागलाय, काळजी कसली!

मंगळवार

मालक तिरसट, पण शिकवतात मनापासून. काच बसवली की लगेच तिच्यावर चुन्याची फुली मारायची, नाहीतर काच आहे हे न कळून कोणीतरी आपटतं. घरी येऊन ठमाबाईलाही हे शिकवलं. फुली म्हणजे काच, मग बिनधास्त टेकायचं. जेवतानाही तेच घोकत होती कार्टी.

शनिवार

दुकानातल्या जुन्या कारागिराने, उस्तादाने, आज जिभेवर ठेवायला नशेच्या औषधात भिजवलेला कागदाचा इवलासा कपटा दिला. नुसती गंमत, संध्याकाळपर्यंत उतरतं म्हणाला. फरशीचे चौकोन सुटून पोहायला लागले. हसून हसून मुरकुंडी वळली.

बुधवार

उतरलं नाही. फुलीवरून नजर काढली तरी ती सोबत येते. भिंतीवर, ताटात, ताईच्या तोंडावर. मालक खेकसले, रिकाम्या चौकटीत ब्रश फिरवत होतो म्हणे. मला तर काच दिसली होती. उस्ताद म्हणतो, काट्याने काटा काढायचा, आणखी एक घे. घेतला.

शुक्रवार

सगळे काचेपलीकडे असल्यासारखे. ताई रडली, डॉक्टरकडे चल म्हणाली. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. रविवारी खिडकीची काच बसवतो, मग जाऊ म्हटलं.

रविवार

ताई-भाऊजी भाजीला गेले. पोरीला सांभाळशील ना, ताईने दोनदा विचारलं. हो म्हटलं.

तडकलेली काढली. नवी बसवली. फुली मारली. ब्रश फार हलका चालला.

ठमाबाई म्हणते, फुली दिसत नाही. म्हटलं, ही काय एवढी ठळक, बस आता कट्ट्यावर. खूश झाली. स्टूल ओढतेय.

वारा येतोय. वहीचं पान फडफडतंय.

नवी काच भिंतीशी. कागदात गुंडाळलेली. मग मी बसवली ती —

फुली तर आहे. तिथेच आहे.

कट्ट्यावर चढली. माझ्याकडे बघून हसतेय. पाठ टेकवायला —

उठायला हवं. ओरडायला हवं. हात नुसता लिहितोय. ठमे, मागे नको —