बादलीतलं बोट

समता कॉलनी, रायपूर
७ डिसेंबर

प्रिय चित्रावहिनी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. थंडी बरी पडली आहे. जयंत शनिवारी नागपूरला तुमच्याकडे जाऊन आला, आमच्या लेकाचे, ओजसचे फोटो दाखवले. गाल चांगलेच वर आलेत. तुझ्या बाटलीची करामत.

परवा फोनवर तू विचारलंस, "यामिनी, सांगून टाक ना एकदाचं. उष्टावणाले मामा खीर भरवतील, ते ठरलं. पण पोराले कोणाच्या मांडीवर बसवू? तू येशील, का मीच घेऊ?" मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती. आपल्याकडे बाळ आईच्या मांडीवर बसतं, हे मलाही ठाऊक आहे.

सुटी मिळणं कठीण दिसतं. आमच्या फार्मवर म्हशीच्या रेडकांचा प्रयोग चालू आहे. काही रेडकं आईला पितात, काहींना जन्मताच वेगळं करून बादलीने पाजतो. कोणती कशी वाढतात ते बघायचं. बादलीवाल्यांना आधी शिकवावं लागतं. त्यांना मान खाली घालून पिणं माहीत नसतं, तोंड वर करून आचळ शोधत बसतात. मग आपलं बोट त्यांच्या तोंडात द्यायचं आणि ते चोखत असतानाच हात दुधात बुडवायचा. दुधाची चव कळली की हळूच बोट काढून घ्यायचं.

एका रेडकाच्या तोंडातून मी बोट काढलंच नाही. का, ते सांगता येत नाही. ते चोखतं, मी उभी राहते, सकाळ निघून जाते. आता ते बोटाशिवाय पीत नाही. मी आले तर ते उपाशी राहील. सांग, कशी येऊ?

ओजसला पहिल्यांदा माझ्या छातीशी दिलं तेव्हा तू जवळच होतीस. सगळ्या म्हणत होत्या, थांब, पान्हा फुटेल. दूध थोडं आलं आणि आटलं. दुधाचं जाऊ दे, वहिनी. मला दुसरंही काही आलं नाही. माया नाही, रडूसुद्धा नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तू त्याला उचलून घरी नेलंस. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर काही वाटल्याचं आठवत नाही. गोळ्या चालू आहेत.

९ डिसेंबर

पत्र टाकायचं राहिलं. काल ताप आला म्हणून फार्मवर गेले नाही. आज धावतपळत पोचले तर रेडकू पोट भरून आडवं झालेलं. माझ्याबरोबर काम करणारी नीलिमा, इथल्याच मराठी घरातली आहे ती, हसायलाच लागली. "काहून घाबरून राहिली वं? मी देल्लं ना बोट. त्याले का मालूम, कोणाचं होय ते!"

मला वाईट वाटेल म्हणून जरा थांबले. वाटलं नाही. त्याला वजनकाट्यावर चढवलं, तर आईला पिणाऱ्यांच्या बरोबरीला आलं आहे.

संध्याकाळी तेलीबांध्याच्या तलावाशी बसले होते. लोक पोरंबाळं घेऊन फिरत होते. नीलिमाला त्या रेडकाचा काही लळा नाही. परवापर्यंत तिने त्याला हातही लावला नव्हता. तिने बोट दिलं, त्याचं पोट भरलं. मी मात्र इतके महिने वाट बघत बसले आहे, की आधी काहीतरी वाटेल आणि मग मी ओजसला घेईन.

तर मी येते. सुटीचा अर्ज दिला. तिथे आल्यावर मला काही वाटेल, असं वचन देत नाही. माझ्याकडे बघून डोळे पुसू नकोस आणि इतर बायकांनाही पुसू देऊ नकोस. खीर दादाने भरवावी. मांडी माझी. तू शेजारीच बस, त्याला दिसशील अशी. फार रडला तर तुझ्याकडे देईन.

आणि गप्प झाला की परत मागेन. देशील ना?

तुझी, आणि ओजसची,
यामिनी