मास्तरीणबाईंची परवानगी

प्रिय ठमाकाकू,

अक्षर बघून घाबरू नकोस, पोरी. पत्र मीच लिहितोय आणि तब्येत ठणठणीत आहे. ज्याने अर्ध्या गावाच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्याची वेलांटी आता चालत्या गाडीत बसून काढल्यासारखी येते, एवढंच. फोन करता आला असता, पण फोनवर तू एका हाताने बाळाला थोपटत 'हो बाबा, हो बाबा' करतेस, मीही जेवलो-झोपलो सांगून फोन ठेवतो, आणि मग घर पुन्हा चिडीचूप होतं. पत्र तू बाळ झोपल्यावर सावकाश वाचशील. बाळ मान धरायला लागलं का?

तुझ्याकडून मी ठरल्यापेक्षा लवकर निघालो, कोंबडी एकटी आहे म्हणून. तुझे सासरे किती हसले होते, कोंबडीसाठी नातवाला सोडून जाणारा आजोबा पहिल्यांदाच बघतोय म्हणाले. खरं सांगायचं तर शेजारच्या नर्सबाई तिला दोन्ही वेळा दाणे टाकत होत्या आणि तिला माझी आठवणसुद्धा आली नसेल. पण थाप मारली की निभवावी लागते. घरी येऊन बघतो तर मास्तरीणबाई खुडूक होऊन, अंडी उबवायच्या थाटात बसलेल्या. तुझ्या आईनेच हे नाव ठेवलेलं, मान वर करून कोपरान् कोपरा तपासत चालते म्हणून. आई गेल्यावर बाकीच्या कोंबड्या मी देऊन टाकल्या, हिला मात्र देववेना. खाली एक अंडं नाही आणि ही बया पिसं फुगवून रिकाम्या गवतावर ठाण मांडून बसलेली. मला तिची दया आली. तिची की माझी, कोण जाणे. नर्सबाईंनी त्यांच्याकडची अंडी आणून तिच्या पोटाखाली सरकवली आणि आमच्या घरात तीनेक आठवडे एका बाईचं बसणं आणि एका म्हाताऱ्याचं तिच्याकडे बघत बसणं असा कार्यक्रम सुरू झाला.

पिल्लं निघाली त्या सकाळी मी वेड्यासारखी दाराकडे वळून हाक मारली, अगं ये, बघ तरी. मग लक्षात आलं. तुझ्या आईच्या चपला अजून दाराशीच आहेत, म्हणून असं होतं. तू त्या उचलून ठेवा म्हणाली होतीस. ठेवीन.

आता गंमत ऐक. नर्सबाईंचा हुकूम असा की पिल्लांना पहिल्या दिवसापासून हातात घ्यायचं. आत्ता हाताळली नाहीत तर मोठी झाल्यावर तुमच्या सावलीलाही उभी राहणार नाहीत म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, या हातात चहाचा कप राहत नाही, पिल्लू काय राहणार? त्यांनी माझ्याकडे दवाखान्यातल्या नजरेने पाहिलं आणि खाली बसा म्हणाल्या. खुर्चीवर नाही, जमिनीवर, गवत अंथरून. जन्मभर बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेली बाई, तिच्यापुढे माझं काय चालणार? आधी आईला हात दाखवायचा. वरून हात घालायचा नाही, वरून घार येते. तळवा खालून न्यायचा, दुसरा हात झाकणासारखा वर धरायचा, आणि सगळं आईच्या डोळ्यांदेखत. ती बोलावू लागली की लगेच परत द्यायचं. आणि आधी नि नंतर हात धुवायचे, हे तर दहा वेळा ऐकलं.

पहिल्यांदा मास्तरीणबाईंनी असा टोचा मारला की रक्तच आलं. मी हात मागे घेतला नाही. टोचून टोचून ती थांबली, मान वाकडी करून एका डोळ्याने मला निरखलं, आणि जरा बाजूला सरकली. पिल्लू हातात आलं. पिवळट, पाठीवर तपकिरी पट्टा, वजन म्हणावं तर नाहीच. आधी पाय ताठ करून उभं राहिलं, चिवचिवलं. माझा हात आपला थरथरतोय. मला वाटलं, आता उडी मारतंय. पण ते हळूहळू खाली बसलं, गरम पोट माझ्या तळव्याला टेकलं, आणि डोळे मिटून चक्क झोपलं गं! नर्सबाई म्हणाल्या, आईच्या पोटाखाली तरी कुठे सगळं स्थिर असतं? ती श्वास घेते, सारखी चुळबुळ करते. पिल्लाला हललेलं चालतं, फक्त सोडलेलं चालत नाही.

ठमे, मी रडलो. तुझी आई गेल्यापासून या हाताला कोणाचा हात लागलेला नाही. डॉक्टर नाडी बघतात, दुकानदार सुटे पैसे ठेवतो, तेवढंच. विसरूनच गेलो होतो की अंगाला दुसऱ्याच्या अंगाची ऊब लागते तेव्हा कसं वाटतं. आता रोज सकाळी पिल्लं घेतो. तुझ्यापासून लपवत नाही, एक पडलंसुद्धा. वीतभर उंचीवरून, गवतावर. उठून जणू काही झालंच नाही अशा थाटात चालायला लागलं, पण मास्तरीणबाईंनी मला फैलावर घेतलं आणि त्या दिवशी पुन्हा हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी दिला. तेव्हापासून हात मांडीवर टेकवल्याशिवाय मी पिल्लू घेत नाही, आणि पुन्हा एकही पडलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुझ्याकडे आलो त्या दिवशी तू बाळ माझ्याकडे देता देता थांबलीस. माझ्या हातांकडे पाहिलंस, 'बाबा, प्रवासाने दमलात, नंतर घ्या' म्हणालीस आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवलंस. ते नंतर काही आलं नाही. मी चष्मा शोधायला आतल्या खोलीत गेलो, तो माझ्या नाकावरच होता, आणि ते तुलाही दिसलं असणार. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. आईने असंच करायचं असतं, हे मी इथे रोज बघतोय. पण मला त्याला घ्यायचंय गं. येऊ का? मी जमिनीवर बसेन, गादी अंथरून, भिंतीला पाठ लावून, हात मांडीवर टेकवून. तू अगदी लगटून बस. आधी माझे हात नीट बघून घे, हवा तितका वेळ बघ. मग वाटलं तर दे, आणि तो जरा जरी कुरकुरला तरी लगेच काढून घे, मी चष्मा शोधायला जाणार नाही. आणि तोवर हवं तर खुशाल टोचा मार, मी हात मागे घेणार नाही.

तुझाच,
हात धुऊन वाट बघणारा
बाबा