हरणाच्या शिकारीला उदबत्ती

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया, सोमवार

तीर्थस्वरूप मनोहरमामांस,

भाचीचा दंडवत. पायांवर डोकं ठेवता येत नाही म्हणून कागदावर ठेवलंय असं समजा. गुडघा कसा आहे? संजय म्हणतो की तुम्ही संध्याकाळी चौकापर्यंत जाऊन येता, ते ऐकून बरं वाटलं. तो असंही म्हणतो की मामी गेल्यापासून तुमचा मुलगा असूनही त्याला तुमच्या हातचं काही मिळालेलं नाही, दोन्ही वेळा डबा येतो आणि त्यातला निम्मा तसाच परत जातो. यावर मी काही बोलणार नाही (बोलले असते, पण फोनवर तुम्ही 'बरं, ठेवतो' एवढंच म्हणता). म्हणून हाताने लिहून फोटो पाठवतेय, संजय प्रिंट काढून तुमच्या हातात देईल. काही मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. इकडे सगळे मजेत. आन्या बारावीला गेली, आणि कशालाही 'आय नो, मॉम' म्हणते.

मामा, माझ्या हातून हरीण मेलं. चुकून नाही, गाडीखाली नाही. नेम धरून. तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगावं म्हणून हा खटाटोप. आपल्या घरात मटण खाणं ही एक गोष्ट आणि मारणं ही दुसरी, हे मला कळतं. दर रविवारी तुमच्या हातच्या रश्शावर तुटून पडणाऱ्या आम्हा भाचरंडांपैकी एकानेही कधी बोकडाच्या डोळ्यांत पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलं. बोकडाच्या नाही, हरणाच्या, पण डोळे डोळेच.

आता हे झालं कसं ते सांगते. आमच्या शेजारी वॉल्टर राहतो, वय पंचाहत्तरच्या पुढे. इथे पूर्वी सगळी शेतं होती असं तो सांगतो, आणि सांगताना बोट नेमकं माझ्या ऑफिसच्या डेटा सेंटरकडे करतो, मग मी हवामानाचा विषय काढते. दर नोव्हेंबरला शिकारीचा सीझन उघडला की पहिल्याच वीकेंडला तो डोंगरापलीकडच्या आपल्या केबिनवर जायचा, हरीण आणायचा, आणि त्याची बायको डोरिस त्याचा स्ट्यू करून सगळ्या गल्लीला जेवायला बोलवायची. आम्ही इथे नवीन होतो तेव्हा आमचं नाव नीट उच्चारायचा प्रयत्न पहिल्यांदा कुणी केला असेल तर त्या टेबलावर. (त्र्यंबकचं नाव आजतागायत कुणाला जमलेलं नाही, पण प्रयत्न झाला.) मार्चमध्ये डोरिस गेली. तेव्हापासून वॉल्टर घराबाहेर दिसायचा तो फक्त कचऱ्याचा डबा ठेवताना. मुलगा ओहायोला ये म्हणून त्याच्या मागे लागलाय. उन्हाळ्यात त्र्यंबकने कुंपणावरून सहज विचारलं, यंदा शिकारीचं काय? तर म्हणाला, एकट्याच्याने होणार नाही. कुणी सोबत आलं तर जाईन. हरीण मिळालं तर जेवण घालीन, नाही मिळालं तर केबिन विकून मुलाकडे जाईन आणि विषय संपला.

आता असं म्हटल्यावर तुमचे जावई गप्प बसतात होय? आपण येऊ, म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यात झुरळ मारताना डोळे मिटले, तो म्हणाला आपण येऊ! वर त्यांनी ऑफिसातल्या यतीनलाही गळ घातली. मग मीही नाव घातलं, कारण कॉलेजात एनसीसीत निदान बंदूक हातात धरलेली मी एकटीच. आम्ही तिघांनी रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. कोर्समध्ये सांगितलं होतं की हरणाला दिसतं कमी, पण वास फार येतो. वॉल्टरने तर महिनाभर आधीपासून आम्हा सगळ्यांचे कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन वाळक्या पानांसकट खोक्यात बंद करून ठेवले होते. अत्तर नाही, पावडर नाही, डोक्याला तेल नाही. घरी त्र्यंबकना मी चार दिवस फोडणी देऊ दिली नाही, मामा. चार दिवस आम्ही दहीभात खाल्ला.

आणि शनिवारी पहाटे केबिनमध्ये मी अंघोळ करून बाहेर येते तो काय, टेबलावर वॉल्टरची रायफल आडवी, तिच्या दस्त्यावर हळदीकुंकू, पुढे झेंडूचं फूल (ते कुठून आणलं देव जाणे) आणि शेजारी चंदनाच्या उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवलेला! खंडेनवमीला ऑनकॉल होतो, शस्त्रपूजा राहून गेली, मुहूर्ताला हत्यार असंच उचलायचं नसतं, असं त्र्यंबकचं म्हणणं. खोक्यातले कपडे सगळ्यांनी अंगावर चढवलेले, खोलीत धूर असा की यतीन दिसेना. वॉल्टर दारात उभा होता. मला वाटलं आता हा आम्हाला हाकलून देणार. पण त्याने टोपी काढली, मान खाली घातली आणि पूजा संपेपर्यंत तसाच उभा राहिला. मग एक मोठा श्वास घेतला आणि शांतपणे म्हणाला, आता आपण कुठे आहोत हे वेस्ट व्हर्जिनियातल्या हरणांनाही कळलं.

त्यामुळे शनिवार गेला. झाडाला बांधलेल्या मचाणावर दिवसभर थंडीत बसलो आणि खारीशिवाय काही दिसलं नाही. (घरी माझी मेथी खायला हीच हरणं कळपाने येतात, दारावर थाप मारायचीच काय ती बाकी.) त्यात दिवाळी नुकतीच झालेली. दुसऱ्या मचाणावर यतीन खिशात फराळ घेऊन बसला होता आणि जंगलात चकली मोडल्याचा आवाज किती लांब जातो हे मला त्या दिवशी कळलं. मी खूण केली तर त्याने तोंडात घातलेली चकली विरघळायची वाट पाहिली. संध्याकाळी वॉल्टर उठून कुठल्या भांड्यात काय आहे ते पाहू लागला, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, गुंडाळलं. माणूस घर सोडायला लागला की असाच वागतो. त्र्यंबक कोपऱ्यात बसून राहिले होते. मला त्यांचा इतका राग आला होता आणि इतकी कीवही.

शनिवारी रात्री बाहेर दोरीवर वाऱ्याला टाकलेले आमचे कपडे रविवारी वॉल्टरने तिथेच राहू दिले. त्र्यंबक आणि यतीनला केबिनमध्ये बसवलं, आणि मला डोरिसचं शिकारीचं नारिंगी जॅकेट काढून दिलं. ती पण यायची, म्हणाला. ते मला घट्ट होत होतं, पण मी चेन ओढली. आम्ही दोघं मचाणावर बसलो. बऱ्याच वेळाने झाडीतून एक नर आला. मामा, इतकं देखणं जनावर, आणि इतकं निवांत! वॉल्टरने रायफल उचलली. त्याने खाली घेतली, परत उचलली, परत खाली घेतली, आणि मग माझ्याकडे दिली. 'यू डू इट,' एवढंच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, त्याला समोरचं दिसतच नव्हतं. मी नेम धरला. एनसीसीतल्या हवालदाराने शिकवलं होतं तसा श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

ते फार धावलं नाही. जवळ गेलो तेव्हा संपलं होतं. मी हात जोडले, बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात सोडलं आणि तिथेच बसून रडले, चांगली हुंदके देऊन. वॉल्टर टोपी छातीशी धरून शेजारी उभा राहिला. पुढची कापाकापी त्याने केली. मदतीला म्हणून आलेला यतीन (जो दर शनिवारी खिमा-पाव खातो) पहिलीच सुरी फिरल्याबरोबर पाचोळ्यात आडवा झाला. त्याला त्र्यंबकने उचलून नेलं, आणि तेवढं एक काम त्यांनी त्या दोन दिवसांत चोख केलं.

मटण घेऊन अ‍ॅशबर्नला आलो. वॉल्टरने गाडीतूनच गल्लीतल्या सगळ्यांना फोन केले, गुरुवारी थँक्सगिव्हिंगला माझ्याकडे जेवायला या म्हणून. खूप महिन्यांनी त्याचा आवाज मोठा झाला होता. मग घरी गेल्यावर त्याने डोरिसचं मोठं पातेलं शेगडीवर ठेवलं आणि नुसता उभा राहिला. स्ट्यूमध्ये काय घालायचं हे त्याला माहीतच नव्हतं. मलाही कसं माहीत असणार? त्याने ओहायोला मुलाला फोन लावला, त्यालाही माहीत नाही. मी म्हटलं, वॉल्टर, स्वयंपाक माझ्याकडे लागला. तो इतक्या विश्वासाने 'ओके' म्हणाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

असो. जे झालं ते सांगितलं. एका जीवाचा प्राण मी घेतला, हे मनातून जात नाही आणि जाऊही नये. यापुढे बंदुकीला हात लावणार नाही. तुम्ही रागावला असाल तर रागवा, पण लिहून कळवा. गुडघ्याला तेल लावत जा, आणि डब्यातलं सगळं संपवत जा.

तुमची,
सुवर्णा

ता. क. बंदुकीला हात लावणार नाही, हे या सीझनपुरतंच धरावं. वॉल्टर पुढच्या वर्षाचं बोलायला लागलाय आणि कॅलेंडर पुन्हा भिंतीवर लागलंय.

ता. क. २. काही मागायला लिहीत नाही म्हटलं होतं, ते खोटं. मामा, मला मॅगीपलीकडे काही येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. जेवायला गल्लीतली पंधराएक माणसं येणार आहेत. मला तुमचा काळा रस्सा पाहिजे. नुसतं सामान सांगून चालणार नाही. तुम्ही तिकडे तुमच्या शेगडीशी उभे राहा, मी इकडे वॉल्टरच्या, आणि व्हिडिओवर मला दाखवा. खोबरं किती काळं करायचं ते सांगून कळत नाही. संजयला अर्धा किलो मटण आणायला सांगितलंय, तेव्हा आता नाही म्हणू नका.

ता. क. ३. हे लिहायचं नव्हतं. वॉल्टरला मी विचारलं, इतक्या वर्षांत डोरिसने तो स्ट्यू कुणालाच कसा शिकवला नाही? तो पातेल्याकडे बघत म्हणाला, कुणी विचारलंच नाही. म्हणून विचारतेय, मामा.