तिसऱ्या रिंगच्या आत

१ ऑक्टोबर, सकाळ

आजपासून मी सुरक्षित वाहनचालन व्यवस्थापक. दंडाला हिरवा पट्टा. मालकांनी, म्हणजे इवाकुरासाहेबांनी, सकाळच्या सभेत सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने बांधला. जरा घट्ट बांधला, पण मी हूं की चूं केलं नाही.

काम सोपं आहे. आमच्या जेवणाच्या डब्यांच्या सात व्हॅन दिवसभर गावात फिरतात. पोलिसांनी कंपन्यांसाठी ठेवलेली स्पर्धा आजपासून ३१ डिसेंबरपर्यंत. अपघात नको, चलान नको. आणि सध्या चलानं होतात ती बहुतेक गाडी चालवताना मोबाईल धरल्याची. प्रमाणपत्र मिळालं तर वृद्धाश्रमांचे डबे नगरपालिका कायमचे आम्हाला देणार. मालक म्हणाले, शिओमी, प्रमाणपत्र आण, मॅनेजरची रिकामी खुर्ची तुझी. नाही आणलंस तर लोणच्याची खोली आहेच. सगळे हसले. मीही हसलो.

लोणच्याची खोली तळघरात आहे. तिथे गेलेला माणूस परत वर आल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

स्पर्धेच्या यादीत सात चालकांबरोबर माझंही नाव घातलं. आपलं शोभेला. मी गाडी चालवतो ती बँकेपर्यंत.

३ ऑक्टोबर

मिनागावाला रंगेहाथ पकडलं. फाटकातून व्हॅन आत येत होती आणि फोन कानाला. पोरगा चांगला आहे, पण भोळा. विचारलं, कोणाचा फोन? म्हणाला, मालकांचा. कुठे पोचलास म्हणून विचारत होते.

मी म्हटलं, कोणाचाही असो, चालवताना उचलायचा नाही. त्याने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर थोरल्या मालकांच्या हातचं वाक्य फ्रेम करून लावलंय: फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलावा. आमच्या कंपनीचा तो धर्म आहे. मिनागावा म्हणाला, शिओमीसान, कायदा म्हणतो उचलू नको, भिंत म्हणते उचल. मी करू काय?

दोन्ही पाळ, असं मी सांगितलं. उत्तर त्याला पटलेलं दिसलं. भिंतीकडे बघत बघतच तो गेला.

मी स्वतः एकोणतीस वर्षांत तिसरी रिंग वाजू दिलेली नाही. घरी नाही, आंघोळीला असताना नाही. काझुए, माझी बायको, अजून ऐकवते की लग्नाच्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरचा फोन वाजला तर नवरदेवच धावले. धावलोच. कोणीतरी उचलायला हवा होता.

१० ऑक्टोबर

सिस्टिम लागू. नाव दिलंय ‘अचानक तपासणी’. कल्पना माझीच. चालक रस्त्यावर असताना मी फोन करायचा. उचलला नाही तर पास. उचलला तर नापास.

११ ऑक्टोबर

नापास: सहा. सगळ्यांनी दुसऱ्या रिंगला उचलला. प्रत्येकाची फोनवरच चांगली कानउघाडणी केली. तोकिकोबाईंना तर बंदरापासून इस्पितळापर्यंत सगळा रस्ता ऐकवलं. त्या मधे मधे म्हणत होत्या, शिओमीसान, पुढे ट्रक आहे. मी म्हटलं, तेच तर मी सांगतोय.

पास: एक. ओनोदेरा. सगळ्यात जुना चालक. फार आनंद झाला. मग शंका आली, उचलत का नाही? खड्ड्यात तर नाही ना गेला? फोन करत राहिलो. शेवटी एका दुकानाच्या आवारात गाडी लावून त्याने उलट फोन केला. म्हणाला, अहो शिओमीसान, मी खड्ड्यात नाही, पण तुमच्या फोनच्या आवाजाने आता जाईन.

याला शिस्त म्हणजे काय ते कळत नाही. आणि बढती मिळत नाही ती उगीच नाही.

२५ ऑक्टोबर

तपासणी बंद. मालकांनी बोलावून विचारलं की तुझ्या फोनमुळे माझा फोन चालकांना का लागत नाही. लाइन बिझी येते.

मी धाडस करून सुचवलं की मालकांनीच चालकांना गाडीत फोन केला नाही तर... वाक्य पुरं झालं नाही. त्यांनी फ्रेमकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तसं नाही, सहज आपलं. इकडे आड तिकडे विहीर. पण मार्ग निघेल. निघायलाच हवा, प्रमाणपत्र आहे.

२ नोव्हेंबर

नवीन सिस्टिम. रोज निघताना सगळ्यांनी बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं: उजवीकडे बरोबर! डावीकडे बरोबर! खिसा बरोबर! फोन खिशातच आहे याची खात्री.

फार छान ऐकू येतं. शेजारचे मासळीवाले बघायला येतात.

८ नोव्हेंबर

तोकिकोबाई खिसा बरोबर असं म्हणत असताना मालकांचा फोन आला. त्याच हाताने त्यांनी तो बाहेर काढला. बोट अजून दाखवलेलंच होतं.

१५ नोव्हेंबर, दुपार

झालं, प्रश्न कायमचा मिटला! उगाच इतके दिवस डोकं शिणवलं. पेटी! थोरल्या मालकांच्या काळातली डब्यांची लाकडी पेटी, तिला कुलूप. सकाळी सातही चालकांचे फोन पेटीत, चावी माझ्या गळ्यात. हातात फोनच नाही तर धरणार कसा? रिस्क मॅनेजमेंट म्हणतात ते हेच. आदर्श म्हणून मी माझा स्वतःचाही फोन आत टाकला. टाळ्या पडल्या नाहीत, पण वातावरण गंभीर होतं.

ओनोदेरा म्हणाला, आणि रस्त्यात काही झालं तर? मी म्हटलं, काही होऊच नये म्हणून तर हे.

१६ नोव्हेंबर

पेटी वाजते.

वाजणाऱ्या फोनला न उचलता बसणं मला जमत नाही, हा काही दुर्गुण नाही. कुलूप काढलं, उचलला, कुलूप लावलं. परत वाजली. दुपारपासून कुलूप उघडंच ठेवलंय. तत्त्व म्हणून शेजारी ठेवलंय.

२४ नोव्हेंबर

आठ फोन, माणूस एक. तोकिकोबाईंची आई रोज विचारते, जेवलीस का? मी सांगतो, जेवल्या असतील. ओनोदेराचे मित्र रविवारी पत्ते खेळायला कोण कोण आहे विचारतात. आता रविवारी मलाही बोलावलंय. मालकांना कोणत्याही चालकाला गाठायचं असलं की फोन मलाच लागतो. मग ते विचारतात, तो कुठे आहे? मला कसं कळणार? त्याचा फोन माझ्याकडे आहे.

जागेवरून उठता येत नाही. संडासला पेटी घेऊन गेलो. तिथेही वाजली. बाहेर हिशेबवाल्या बाई उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं.

पण चलान शून्य. हे कोणी बोलत नाही.

५ डिसेंबर

बर्फ सुरू. काझुए म्हणते, अहो, तुमचा दंड सुजलाय, पट्टा सैल करा. मी म्हटलं, पट्टा सैल केला की माणूस सैल होतो. ती म्हणाली, मग पेटी तरी जेवताना टेबलावरून खाली ठेवा. चालक त्यांचे फोन संध्याकाळी घेऊन जातात, पेटी रिकामीच असते. तरी जवळ असलेली बरी.

झोपेत मी ‘तुम्हाला थांबावं लागलं, माफ करा’ असं म्हणतो, असंही तिचं म्हणणं आहे. खरं नसावं.

१८ डिसेंबर

मिनागावा येऊन उभा राहिला. टोपी हातात. त्याच्या बायकोचे, साएकोचे, दिवस भरत आलेत. पहिलंच मूल. डॉक्टर म्हणालेत, जरा अवघड आहे, नवरा जवळ हवा. फोन नुसता बंद करून गाडीत मागच्या बाजूला ठेवतो म्हणाला. दर डब्याच्या ठिकाणी गाडी थांबवून बघेन, चालवताना हात लावणार नाही, शपथ.

मला वाईट वाटलं. पण एकाला दिलं की सातांना द्यावं लागतं. आणि तेरा दिवस राहिलेत. हातातोंडाशी आलेली खुर्ची. मी म्हटलं, मिनागावा, फोन कोणाकडे आहे? माझ्याकडे. मी कधी तिसरी रिंग चुकवलीय? फोन आला की मी स्वतः तुझ्यापर्यंत येईन. शब्द दिला.

त्याने कमरेत वाकून नमस्कार केला. पुष्कळ वेळ वाकून राहिला. मग फोन पेटीत ठेवला, अगदी हळू, वरच्या बाजूला.

काझुएला सांगितलं. तिने भात वाढता वाढता विचारलं, त्या पोराला त्याचा फोन दिला असता तर तुमचं काय जात होतं? तिला ऑफिसातलं काही समजत नाही.

२७ डिसेंबर

सुन्न आहे. तरी क्रमाने लिहितो.

साडेदहाला मिनागावाचा फोन वाजला. पहिल्याच रिंगला उचलला. त्याची सासू. साएकोला इस्पितळात नेलंय, कळा लवकर सुरू झाल्या, जावईबापूंना ताबडतोब पाठवा. मी म्हटलं, निश्चिंत राहा, सिस्टिम आहे.

मिनागावाला कळवायला फोन हातात घेतला. मग लक्षात आलं की तो हातात आहे तोच मिनागावाचा फोन.

दिलेला शब्द. ऑफिसची गाडी काढली. फोन मागे ठेवून कसं चालेल, इस्पितळातून परत फोन आला तर? पेटी शेजारच्या सीटवर घेतली. उघडीच. उजवीकडे बरोबर, डावीकडे बरोबर. खिसाही बरोबर होता, रिकामा.

बंदराच्या रस्त्याने बर्फातून निघालो. मिनागावाची व्हॅन कुठे दिसेना. आणि पेटीत त्याचा फोन वाजला. पहिली रिंग. मी रस्त्याकडे बघत राहिलो. दुसरी. मला कायदा माहीत आहे, तो मीच रोज वाचून दाखवतो. कडेला बर्फाचे ढीग, गाडी थांबवायला जागा नव्हती. हात मी उचलला नाही. हात उचलला गेला.

म्हटलं, तुम्हाला थांबावं लागलं, माफ करा, इवाकुरा लंचबॉक्स.

इस्पितळ नव्हतं. मालक होते. म्हणाले, अरे मिनागावा, आज फोन तुझ्याकडेच दिसतोय, तो शिओमी कुठे उलथलाय? त्याच्या टेबलावरचा फोन कधीचा वाजतोय, जागेवर नाही. एवढं तरी कळव त्याला.

मी म्हटलं, मीच शिओमी, क्षमा असावी, आणि वाकून नमस्कार केला. मालकांशी फोनवर बोलतानाही मी वाकतो. सगळेच वाकतात. पण स्टिअरिंगवर वाकलो, आणि गाडी बर्फाच्या ढिगाऱ्यात शिरली.

पोलीस मागेच होता. तरुण, फार सभ्य. काच वाजवली. माझ्या हातातला फोन बघितला, मग पेटीतले बघितले. विचारलं, हे सगळे कोणाचे? मी म्हटलं, आमच्या चालकांचे. तुमच्याकडे कसे? म्हटलं, त्यांनी गाडी चालवताना वापरू नयेत म्हणून. त्याने माझ्या दंडाचा पट्टा वाचला. परत एकदा वाचला. मग तोंड फिरवून थोडा वेळ समुद्राकडे बघत उभा राहिला.

तेवढ्यात समोरून मिनागावाची व्हॅन आली. मला ढिगाऱ्यात बघून त्याने पुढे जागा पाहून नीट गाडी लावली, दोन्ही दिवे लुकलुकते ठेवले आणि धावत आला. विचारलं, शिओमीसान, लागलं का कुठे? मी निरोप दिला. त्याचा चेहरा पांढरा पडला. पोलीसच म्हणाला, जा तुम्ही, इथलं मी बघतो.

संध्याकाळी कळलं. मुलगी. दोघी सुखरूप. तो पोचण्याच्या वीस मिनिटं आधी.

काझुएने सगळं ऐकलं. मग म्हणाली, अहो, तो ज्या वृद्धाश्रमात डबे उतरवत होता, तिथे फोन नाही का? तिथेच सांगितलं असतं तर?

यावर विचार करतो आहे.

२८ डिसेंबर

मिनागावा कामावर आला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने वाकून नमस्कार केला. म्हणाला, माझ्यापायी तुम्हाला एवढ्या बर्फात यावं लागलं, माफ करा. डोळे सुजलेले होते. साएको शेवटपर्यंत विचारत होती म्हणे, ते येतायत ना, आणि सासू सांगत होती, हो, कंपनीने सांगितलंय, सिस्टिम आहे.

पट्टा मीच सोडला.

नोंद म्हणून लिहून ठेवतो. तिन्ही महिन्यांत एकाही चालकाचं चलान नाही. एकच झालं, आणि ते व्यवस्थापकाचं. म्हणजे सिस्टिम शंभर टक्के यशस्वी होती.

५ जानेवारी, लोणच्याची खोली

प्रमाणपत्र दुसऱ्या कंपनीला गेलं. नवीन व्यवस्थापक ओनोदेरा. पहिल्याच दिवशी तो मालकांना म्हणाला, साहेब, व्हॅन रस्त्यावर असताना तुम्ही फोन करायचा नाही. काम असेल तर जिथे डबे जातात तिथे निरोप ठेवा. फोन ज्याचे त्याच्याकडे, बंद करून, गाडी थांबली की बघतील. मालक म्हणाले, बरं. नुसतं बरं! भिंतीवरची फ्रेमही उतरवली. हे सगळं मी २५ ऑक्टोबरलाच सुचवलं होतं. अर्धं.

मिनागावा दुपारी खाली आला आणि मुलीचा फोटो दाखवला. नाक त्याच्यावर गेलंय. बघताना हातांचं मीठ त्याच्या फोनला लागलं, तर म्हणाला, असू दे.

इथे मुळा आणि मीठ. हात कोपरापर्यंत पिंपात. थंडी आहे, पण सवय होईल. मालक मला फार दिवस इथे ठेवणार नाहीत, वर माझ्यावाचून अडेल. भिंतीवर एक जुना फोन आहे. पिंप सरकवून त्याच्या जवळ घेतलंय, म्हणजे पहिल्या रिंगलाच हात पोचेल.

संध्याकाळपर्यंत बसलो. वाजला नाही.